काउंटर उलटा केला की फर्माही उलटा करा

बेसिनसकट एकसंध ओतलेला कल्चर्ड मार्बलचा काउंटर बाथरूमच्या मापात कापण्याचे काम जे नव्याने हाती घेत आहेत, त्यांना कटर धरता येतो आणि गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावता येतो, असे मी गृहीत धरतो. मात्र हा माल ग्रॅनाइटसारखा वागत नाही. पॉलिएस्टर रेझिनमध्ये संगमरवराची भुकटी कालवून तो साच्यात ओतलेला असतो आणि त्याची सगळी चकाकी वरच्या जेलकोटमध्ये, म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या थरात असते. कापलेल्या कडेला हा थर उरत नाही आणि कितीही पॉलिश पेपर घासला तरी ती मूळ कडेसारखी दिसत नाही. म्हणून कापलेली कड भिंतीकडेच गेली पाहिजे. दर्शनी कड कापावी लागणार असेल, तर दुसऱ्या मापाचा काउंटर घ्यावा असे ग्राहकाला स्पष्ट सांगावे.

वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको घरांत पुष्कळदा जुन्या टाइलवरच नवी टाइल चढवलेली असते आणि तिथे गुण्यात असलेली भिंत क्वचितच सापडते. घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरमधल्या मायव्हानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती बऱ्याच सरळ असतात, पण टाइलखालचा मसाला कमी-जास्त झाला की तिथेही दोन सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक सहज पडतो. त्यामुळे कागदावर आकडे लिहून नेण्यापेक्षा, काउंटर जिथे बसणार त्याच उंचीवर, प्लायच्या पट्ट्या भिंतींना टेकवून आणि एकमेकींना पक्क्या जोडून फर्मा, म्हणजे त्या जागेच्या आकाराचा नमुना, करावा. दोन्ही बाजूंना साधारण अर्धा सूत मोकळीक ठेवावी.

ज्या सापळ्याने मला महाग धडा शिकवला, तो इथून पुढे आहे. मार्बल कटर पुढे ढकलताना त्याचे ब्लेड सहसा खालून वर येते. तुमच्या मशीनवरचा बाण पाहून याची खात्री करून घ्यावी. चकचकीत बाजू वर ठेवली तर ते ब्लेड जेलकोट उचकटते आणि कडेला टवके उडतात, म्हणून काउंटर पालथा घालून मागून कापतात. पालथ्या काउंटरची डावी बाजू मात्र तुमच्या उजवीकडे आलेली असते. फर्मा तसाच सुलटा ठेवून रेघा मारल्या, तर उजव्या भिंतीचा तिरकेपणा काउंटरच्या डाव्या कडेला कापला जातो. टेपने तपासले तर मागची रुंदीही बरोबर भरते आणि पुढचीही, त्यामुळे चूक झाल्याची शंकाच येत नाही. प्रत्यक्ष बसवताना मात्र एका बाजूचा पुढचा कोपरा भिंतीत अडतो, दुसऱ्या बाजूला दोन सुतांची फट उघडी पडते आणि काउंटर फिरवून अडलेला कोपरा सोडवावा, तर मागची भिंत सुटते. यावर एकच उपाय आहे. फर्मा जागेवर असतानाच त्याच्या वरच्या अंगावर ‘वर’, ‘डावी’ आणि ‘पुढे’ असे मार्करने लिहावे, तीच अक्षरे काउंटरच्या चकचकीत बाजूला मास्किंग टेपवर लिहावीत आणि पालथ्या काउंटरवर फर्मा ठेवल्यावर त्यावरची अक्षरे दिसत असतील तर कटरला हात लावू नये.

हे वाचून घाबरण्याचे कारण नाही, कारण प्रत्यक्ष कापणी त्या मानाने सोपी आहे. अखंड कडेचे डायमंड ब्लेड लावावे, पहिला चर दोन-तीन मिलिमीटरच घ्यावा आणि मग टप्प्याटप्प्याने खाली जावे. जोर लावला तर रेझिन तापून ब्लेडला चिकटते. सुटणाऱ्या तुकड्याला खालून आधार द्यायला विसरू नये, नाहीतर शेवटचा इंचभर भाग आपल्या वजनाने मोडतो आणि जाताना जेलकोटचा पापुद्रा घेऊन जातो. ब्लेडवर पाणी सोडणार असाल तर ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसलेल्या बोर्डावर मशीन चालवू नये. कोरडे कापताना चांगला मास्क लागतोच. तोंडाला रुमाल बांधून भागवणाऱ्यांकडून ही सवय घेऊ नका.

‘फट राहिली तर सिलिकॉन आहे ना’ असे म्हणणारा उस्ताद कितीही अनुभवी असला, तरी या कामात त्याचे ऐकू नये, असे माझे ठाम मत आहे. एका सुतापर्यंत सिलिकॉन शोभते. त्यापुढची फट लवकरच काळी पडते आणि ग्राहक तुम्हालाच बोलावतो. त्यापेक्षा नवख्याला टाकाऊ तुकड्यावर आधी हात बसवू देणारा मिस्त्री शोधावा, मग तो मजुरी थोडी कमी देत असला तरी चालेल.

बेसिन मधोमध राहावे म्हणून दोन्ही बाजूंनी किती काढायचे, हे भिंतीतून आलेल्या वेस्ट पाइपाकडे बघून ठरवावे. केवळ एका बाजूने सगळे काढले तर बेसिन सरकते आणि बॉटल ट्रॅपची (बेसिनखालच्या, दुर्गंध अडवणाऱ्या बाटलीसारख्या भागाची) जोडणी तिरकी होते. सिलिकॉन भरण्यापूर्वी काउंटर एकदा कोरडाच बसवून ही जोडणी पाहून घ्यावी, कारण त्या वेळी थोडीफार कड घासायची मुभा असते. सिलिकॉन भरल्यानंतर चोवीस तास तरी नळ बंद ठेवण्यास ग्राहकाला सांगावे.