लहानपणी धडकी भरवणारा ‘द ब्लॉब’ आता पुन्हा कसा पाहावा

लहानपणी पाहिलेला कमी खर्चातला विज्ञान-भयपट पुन्हा पाहायला घेण्यापूर्वी, आपण नेमका कोणता चित्रपट पाहिला होता याची खात्री करून घ्यावी. आकाशातून आलेला आणि माणसे गिळत वाढणारा लिबलिबीत गोळा दाखवणाऱ्या ‘द ब्लॉब’ या अमेरिकी चित्रपटाच्या बाबतीत तर हे करावेच, कारण १९५८चा मूळ चित्रपट आणि १९८८ची नवी आवृत्ती यांची आठवणीत हमखास सरमिसळ होते, आकाशातून पडलेली वस्तू काठीने डिवचणारा म्हातारा दोन्हींत आहे. तो लिबलिबीत गोळा माणसाला सिंकच्या भोकातून आत ओढतो असे आठवत असेल, तर ती १९८८ची आवृत्ती होय. शेवटी गोळ्याला विमानातून उत्तर ध्रुवाकडे नेऊन टाकल्याचे आठवत असेल, तर तो मूळ चित्रपट. पुढील विवेचन मूळ चित्रपटाविषयी आहे.

पहिल्यांदा तो सलग आणि खोलीत अंधार करून पाहावा. चित्रपटातील बहुतेक घटना एकाच रात्री घडतात, त्यामुळे उजेडात निम्मे तपशील दिसतच नाहीत. पोलीस ठाण्यातील लांबलचक संभाषणे न पाहता पुढे जाण्याचा मोह होईल, तो आवरावा. गोळा पडद्यावर नसतानाच्या या वेळेमुळेच तो दिसल्यावर दचकायला होते. सोबत कोणी असेल तर चेष्टामस्करी टाळायला आधीच सांगावे.

दुसऱ्यांदा मात्र थांबत थांबत पाहावे आणि प्रत्येक करामत कशी साधली ते शोधावे. दिग्दर्शक आयर्विन यीवर्थ यांनी पेनसिल्व्हेनियात सुमारे १,१०,००० डॉलरांत हा चित्रपट केला. गोळा सिलिकॉनचा होता आणि त्यात लाल वनस्पतिजन्य रंग मिसळत. जसजशी माणसे गिळली जातात तसतसा रंग वाढवत नेलेला आहे, म्हणून सुरुवातीचा आणि शेवटचा गोळा शेजारी शेजारी ठेवून पाहावा. उपाहारगृहाला वेढा पडण्याच्या प्रसंगाशी तर अवश्य थांबावे. त्यासाठी इमारतीचे छायाचित्र हलत्या टेबलावर बसवले, कॅमेराही त्याच टेबलाला जोडला आणि टेबल हलवून गोळा छायाचित्रावरून घरंगळू दिला. मग तेवढी फिल्म उलट छापल्यावर गोळा इमारतीवर चढत असल्याचा भास निर्माण झाला. कॅमेरा टेबलाबरोबरच हलत असल्यामुळे इमारत स्थिर वाटते. हे कळल्यावर त्या दृश्याविषयीचा आदर वाढतो, असे माझे मत आहे.

पुनर्भेटीचा खरा लाभ मात्र माणसांकडे पाहण्यात आहे. लहानपणी आपण चित्रपटाचा तरुण नायक स्टीव्ह याच्या बाजूने असतो: त्याने गोळा पाहिला आहे आणि मोठी माणसे त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. ही भूमिका करणारा स्टीव्ह मॅक्वीन चित्रीकरणाच्या वेळी सत्ताविशीचा होता, हे आता चटकन लक्षात येते. पण तेवढ्यावर अडून राहू नये. या खेपेस पोलीस अधिकारी लेफ्टनंट डेव्हच्या जागी बसून पाहावे. पुरावा काहीच नाही, सहकारी चिडलेला आहे आणि तरीही समोरचा मुलगा खोटे बोलत नसावा असे वाटते, ही कोंडी त्या नटाने फार संयमाने दाखवली आहे. स्टीव्हची मैत्रीण जेन हिचे वडील शाळेचे मुख्याध्यापक आहेत. गोळा थंडीने गारठतो हे कळल्यावर कार्बन डायऑक्साइडची अग्निशामक नळकांडी मिळवण्यासाठी ते स्वतःच्याच शाळेची काच दगडाने फोडतात. शिस्तीचा माणूस मुलांच्या शब्दाखातर दगड उचलतो, हा क्षण लहानपणी हातून निसटलेला असतो.

मुलांना दाखवायचा असल्यास डॉक्टरांच्या घरातील प्रसंग आधी स्वतः पाहून घ्यावा आणि ‘हे सगळे खोटे आहे’ असे मध्येच सांगू नये. करामती नंतर समजावून द्याव्यात. अमेरिकेत असलेल्या वाचकांना पेनसिल्व्हेनियातील फीनिक्सव्हिलचे कलोनियल थिएटर पाहता येईल. चित्रपटात प्रेक्षक किंचाळत बाहेर पळतात ते हेच चित्रपटगृह, आणि दर उन्हाळ्यात तिथे भरणाऱ्या ‘ब्लॉबफेस्ट’मध्ये जमलेले लोक तसेच धावत रस्त्यावर येतात.