राइडची बिल्डिंग नजरेआड करायचं काम: या फील्डमध्ये येऊ बघणाऱ्यांसाठी

मी ऑर्लँडोत थीम पार्कच्या बिल्डिंग्जच्या बाहेरच्या रंगाचं काम करते आणि आर्किटेक्चरची किंवा जेजेची मुलं-मुली अधूनमधून विचारतात की असलं काम खरंच असतं का, आणि त्याचे पैसे मिळतात का. असतं, आणि मिळतात. आतली राइड कितीही भारी असू दे, बाहेरून ती बिल्डिंग म्हणजे एमआयडीसीतलं गोडाऊन, खिडक्या नाहीत, सपाट छप्पर, आणि उंची अशी की पार्कात कुठूनही डोकं वर काढतेच. तिच्याकडे पाहुण्यांचं लक्ष जाऊ नये ही आमची ड्युटी.

जागा असेल तर रंगाची फारशी गरजच पडत नाही हे आधी सांगते. अनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये १९६७ ची पायरेट्स ऑफ द कॅरिबियन आणि १९६९ चं हॉन्टेड मॅन्शन बघा. दोन्ही राइड्सचा मोठा भाग पार्कभोवती फिरणाऱ्या रेल्वेच्या पलीकडे आहे, पायरेट्सची होडी धबधब्यावरून खाली घसरते आणि मॅन्शनमध्ये तुम्ही उभे असता ती खोलीच लिफ्टसारखी खाली जाते, मग रुळांखालून पलीकडे. समोर दिसतो तो बंगला नुसता दर्शनी भाग. हे सगळीकडे जमत नाही, मग आमच्याकडे येतात.

नजरेआड करायच्या गोष्टींना डिस्नेवाले जो हिरवा मारतात, त्या 'गो अवे ग्रीन' बद्दल तुम्ही वाचलं असेलच. त्याचा एकच ठरलेला शेड नाहीये, करड्या-हिरव्याची अख्खी फॅमिली आहे, जागेप्रमाणे बदलते. करडा का, तर झाड हिरवं असतं हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं पण लांबून बघितलं तर झाडीचा निम्मा भाग सावली असते, मधे फटी, पानांवर धूळ, आणि त्याच्या शेजारी शुद्ध हिरवी भिंत आली की ती बोंब मारते. झाडांच्या शेंड्यापर्यंत हा हिरवा छान चालतो. शेंड्याच्या वर भिंत गेली की मागे आकाश येतं आणि खरी डोकेदुखी तिथे सुरू होते.

एपकॉट या इथल्या डिस्नेच्या पार्कातली गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सीची कॉस्मिक रिवाइंड ही राइड बघा, २७ मे २०२२ ला उघडली, तिची मागची अवाढव्य बिल्डिंग निळी रंगवलीये. लोक म्हणतात आकाशासारखा निळा मारला की झालं, पण आकाश स्वतः उजेड देतं आणि भिंत फक्त मिळालेला उजेड परत फेकते. म्हणून सावलीतली भिंत मागच्या आकाशापेक्षा गडदच दिसणार, सूर्य भिंतीच्या मागे असेल तर फिकट निळाही पाटीसारखा काळपट. त्यात इथल्या उन्हाळ्यात दुपारनंतर ढग भरून येतात, आकाश पांढुरकं होतं आणि गडद निळी भिंत एकदम उघडी पडते. म्हणून मी फिकट, जरा मळकट निळ्याच्या बाजूने असते, स्वच्छ आकाशात तो सगळ्यात सुंदर नाही पण कुठल्याच वेळी फार वाईटही नाही. भिंत पूर्ण गायब होतच नाही, नजर तिच्यावर अडकली नाही म्हणजे जिंकलो.

शेडकार्डवर विश्वास ठेवू नका. चार बाय आठ फुटांचे बोर्ड रंगवून प्रत्यक्ष भिंतीवर लावायचे आणि बघायचं मात्र पाहुणा जिथे उभा असतो तिथून, म्हणजे पुलावर, पॉपकॉर्नच्या गाडीपाशी, लहान मुलाच्या उंचीवरूनही. सकाळी, दुपारी, पाऊस पडून गेल्यावर. मोठ्या भिंतीवर रंग कार्डापेक्षा उजळ आणि भडक वाटतो म्हणून एक पायरी करडा घ्यायचा, आणि फिनिश मॅटच, कारण चकचकीत पत्र्यावर ऊन पडलं की त्याच्या सगळ्या लाटा दिसतात. छतावरचे डक्ट, एसी युनिट, शिड्या हेही त्याच रंगात. सगळी भिंत मस्त जमलीये आणि वर एक जस्ताचा डक्ट चमकतोय, असं दिसलं की माझं डोकं फिरतं. एसीवाल्या इंजिनियरशी भांडायची तयारी ठेवा, गडद रंग ऊन शोषतो आणि त्याचा लोड वाढतो, तो तुम्हाला एलआरव्हीचा, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा विचारणार (० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा), तो पाठ पाहिजे.

माझं आवडतं उदाहरण मात्र लपवण्याचं नाहीच. इथल्या डिस्नेच्या हॉलीवूड स्टुडिओज पार्कातली १९९४ ची राइड टॉवर ऑफ टेरर, तो टॉवर १९९ फूट उंच आहे, २०० झाले की विमानांसाठी लाल दिवा लावायची भानगड येते. तो शेजारच्या एपकॉटमधून मोरोक्को देशाच्या पॅव्हेलियनच्या मागे दिसतो, मग त्याचे रंग आणि वरचा आकार असा ठेवला की तिथून तो मोरोक्कोचाच भाग वाटावा. मस्त ना!

आता यायचं कसं. अमेरिकेतल्या सावाना इथल्या स्कॅड या आर्ट कॉलेजमध्ये थीम्ड एंटरटेनमेंट डिझाइनचा मास्टर्स आहे, इथे ऑर्लँडोत यूसीएफ युनिव्हर्सिटीमध्येही थीम्ड एक्सपीरियन्सचा कोर्स आहे, पण फी तगडी आहे आणि काम प्रोजेक्टवर चालतं, प्रोजेक्ट संपला की टीम पांगते. नुसतं याच्यासाठी मोठं लोन काढू नका असं माझं स्पष्ट मत. आधी फसाडच्या (बिल्डिंगच्या दर्शनी भागाच्या) ऑफिसात किंवा सिनिक पेंटर, म्हणजे सेट रंगवणारा, म्हणून हात बसवा. फार्न्सवर्थ-मनसेलची रंगांची टेस्ट देऊन डोळे तपासून घ्या. दुरून डोंगर साजरे म्हणतो ना, तर घाटात बसून एकामागच्या एक रांगांचे करडे-निळे ग्वाशमध्ये (अपारदर्शक जलरंगात) मिक्स करून बघा, प्रत्येक रांग किती फिकट होते ते हाताला कळू दे. खोपोलीला इमॅजिकात गेलात तर राइडच्या रांगेत कमी आणि पार्किंगमधून मागच्या बाजू बघण्यात जास्त वेळ घालवा.

पोर्टफोलिओत किल्ले-ड्रॅगन नकोत प्लीज. गावाजवळची एखादी मोठी शेड घ्या, तीन ठिकाणांहून फोटो काढा, त्यावर तुमचा रंग टाका आणि प्रत्येक फोटोखाली वेळ, दिशा आणि आकाश कसं होतं ते लिहा. मी उमेदवार बघते तेव्हा चित्राआधी त्या ओळी वाचते.