जुन्या पीसीवर डीटीपी करायचंय? आधी 'दुसऱ्या' टाइप करून बघा

गणपती जवळ आले की मला एक फोन ठरलेला असतो. कधी सोसायटीतले कोणी काका असतात, कधी मंडळाचा नवीन कार्याध्यक्ष, प्रश्न मात्र तोच. "घरी एक जुना पीसी पडलाय, अहवाल त्याच्यावरच लावू म्हणतोय, कुठलं सॉफ्टवेअर टाकू?" मी लगेच नाव सांगत नाही, उलट विचारतो की मॅटर कुठून येणारे. त्यावर समोरचा जरा वैतागतो, पण सगळं त्याच्यावरच अवलंबून असतं. रॅम किती आणि प्रोसेसर कुठला हे नंतर बघू.

पुण्यात डीटीपी, म्हणजे कम्प्युटरवर पानं लावून छपाईला तयार करणं, म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर अजून पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी टायपिंगचं श्रीलिपी येतं. ते साहजिकच आहे, श्रीलिपी काढणारी मॉड्युलर इन्फोटेक इथलीच, तसंच मराठी टायपिंगचं आयएसएम काढणारं सीडॅकही इथलंच, आणि पेठांमधल्या कित्येक डीटीपीवाल्यांची अख्खी हयात त्याच्यावर गेली. त्यामुळे कोणीतरी सल्ला देतंच की "जुना पीसी आहे ना, मग पेजमेकर टाक, पिसासारखं चालतं". चालतं हे खरंय. अल्डसने १९८५ साली काढलेलं सॉफ्टवेअर ते, १९९४ मध्ये अॅडोबीकडे गेलं आणि शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची, म्हणजे तेव्हाच्या मशीनसाठी लिहिलेलं, तुमचा कोर टू डुओ त्याच्यापुढे पैलवानच.

पण पेजमेकरला युनिकोड, म्हणजे मोबाईलपासून मेलपर्यंत आज सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच पद्धत, कळत नाही. आणि आज अहवालाचं मॅटर येतं कुठून तर व्हॉट्सअॅपवरून. अध्यक्षांचं मनोगत मोबाईलवर टाइप केलेलं, खजिनदाराचा जमाखर्च एक्सेलमध्ये, श्रद्धांजलीचा मजकूर कोणाच्या तरी मेलमध्ये, सगळं युनिकोड. ते पेजमेकरमध्ये पेस्ट केलं की प्रश्नचिन्हांची रांग लागते. जुन्या फॉन्टची पद्धतच वेगळी होती, त्यात 'क' हा खरं तर 'क' नसतोच, इंग्रजी अक्षराच्या किंवा एखाद्या चिन्हाच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट बदलला की चित्र बदलतं आणि 'मनोगत'चा चिवडा होतो. कन्व्हर्टर मिळतात, चालतातही, पण जोडाक्षरांत कुठेतरी शेण खातातच आणि मग ४० पानं पुन्हा डोळ्याखालून घालावी लागतात.

मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. एका स्मरणिकेची पेजमेकर फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन प्रेसमध्ये गेलो, त्यांच्याकडे त्याच नावाचा फॉन्ट होता पण आवृत्ती वेगळी, घाईत कोणी नीट बघितलं नाही आणि छापून आल्यावर दिसलं की प्रत्येक 'र्‍या'च्या जागी भलतंच चिन्ह बसलंय. ५०० प्रती. चूक माझीच होती, पीडीएफ न देता उघडी फाइल दिली होती.

त्यामुळे नियम सोपा ठेवा. तुमचं सगळं जुनं काम श्रीलिपीत असेल, टाइप करणारा माणूस जुनाच असेल आणि मशीन कधी नेटला जोडायचंच नसेल, तर पेजमेकर राहू दे, चालू गाडीचं इंजिन कशाला उघडायचं. नव्याने सुरुवात करत असाल तर पेजमेकर नको.

आता कुठलंही सॉफ्टवेअर निवडण्याआधीची पाच मिनिटांची परीक्षा सांगतो. त्यात एक टेक्स्ट फ्रेम, म्हणजे मजकुराची चौकट, काढा आणि ही ओळ पेस्ट करा: "दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रोडवरच्या विठ्ठलाच्या दृष्टीस श्रीखंड, वाङ्मय, पद्म, ट्रक आणि किल्ल्यावरचा सूर्य पडला". अर्थ नाहीये त्याला, शोधू नका. बघायचं एवढंच की 'दिवशी'तली पहिली वेलांटी 'द'च्या आधी येते का नंतर, 'ऱ्या'ला ती वाकडी भुवई येते का, 'सूर्य'चा रफार 'य'च्या डोक्यावर बसतो का, 'ट्र' नीट जुळतो का, 'ङ्म' फुटतो का. मग तीच ओळ पीडीएफ करून पुन्हा बघा, कारण कधीकधी स्क्रीनवर सगळं सुरेख आणि पीडीएफमध्ये राडा असं होतं. या परीक्षेत नापास झालेलं सॉफ्टवेअर कितीही नावाजलेलं असो, मराठी कामाला उपयोगाचं नाही. परदेशी व्हिडिओ बघून सॉफ्टवेअर निवडणारे नेमके इथेच फसतात, त्या व्हिडिओवाल्याला 'ऱ्या' कधी टाइप करावाच लागत नाही.

आता मशीनकडे वळू. घरचे जुने पीसी साधारण २ किंवा ४ जीबी रॅमचे असतात आणि विंडोज बऱ्याचदा ३२ बिट टाकलेलं असतं, प्रोसेसर ६४ बिट चालवू शकत असला तरी. ३२ बिट विंडोजला ४ जीबीतली सगळी रॅम मिळतच नाही, साधारण सव्वातीनच्या आसपास अडकतं. शिवाय विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला, आणि एमएस ऑफिससारखं फुकट मिळणारं लिबरऑफिस, त्याची नवीन आवृत्ती तर विंडोज ७ वर बसतच नाही. माझं मत विचाराल तर हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी टाका, रॅम ४ जीबी करा आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. मिंट आता फक्त ६४ बिटच येतं, तेवढं आधी तपासा. एसएसडीने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेच पडत नाही हे मी चारपाच मशीनवर बघितलंय, चहा करून येईपर्यंत चालू होणारा पीसी चहाचं आधण ठेवेपर्यंत चालू होतो. मराठी टायपिंगला मिंटमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, 'ऱ' शिफ्ट आणि जे दाबून येतो. लिनक्स नकोच असेल तर विंडोज आहे तसं ठेवा, फक्त नेट बंद ठेवून काम करा आणि पेन ड्राइव्ह सांभाळून लावा, झेरॉक्सवाल्याकडून फिरून आलेला तर विशेष.

सॉफ्टवेअरमध्ये माझी पहिली पसंती स्क्रायबसला. फुकट, मुक्त, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं, सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे, रंग आहेत, प्रेसला लागतो तसा पीडीएफ एक्स काढता येतो, म्हणजे खरंखुरं पान लावायचं सॉफ्टवेअर आहे, ओढूनताणून बसवलेलं नाही. पण आवृत्ती बघून घ्या! जुनं १.४ मराठी नीट दाखवत नाही, वेलांट्या अक्षराच्या मागे जाऊन बसतात, आणि "स्क्रायबसमध्ये मराठी येत नाही" ही जी समजूत पसरलीये ती तिथूनच आलीये. जोडाक्षरांचा नीट सपोर्ट १.५ च्या मालिकेत आला आणि १.६ ही स्थिर आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली, तीच घ्या. जुन्या लिनक्समध्ये आपोआप १.४ येऊ शकतं म्हणून इन्स्टॉल झाल्यावर हेल्पमध्ये जाऊन आकडा वाचा. आणि १.६ मध्ये सेव्ह केलेली फाइल १.४ मध्ये उघडत नाही, तेव्हा दोघंजण मिळून काम करणार असाल तर दोघांकडे एकच आवृत्ती हवी.

जुन्या मशीनवर स्क्रायबस रखडतं ते मुख्यतः फोटोंमुळे. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर ४ एमबीचा दिसला तरी उघडल्यावर मेमरीत ३६ एमबी होतो, १.२ कोटी ठिपके गुणिले ३ बाइट. विसर्जन मिरवणुकीचे असे ४० फोटो टाकले की दीड जीबीच्या जवळ गेलात, आणि मग माऊस हलवला की पाच सेकंदांनी हलतो. म्हणून फोटो आधी गिंप या फुकट फोटो सॉफ्टवेअरमध्ये छोटे करून घ्या. पानावर फोटो ३ इंच रुंद बसणार असेल तर ३०० डीपीआयला ९०० पिक्सेल पुरतात, ४००० पिक्सेलचा फोटो टाकून छपाईत काडीचा फरक पडत नाही. ए५ आकाराचं अख्खं पान भरायचं असेल तरी रुंदी साधारण साडेसतराशे, कापायचा भाग धरून १८२० ठेवा. फोटोचा प्रिव्ह्यू लो रिझोल्यूशनवर ठेवा. आणि सगळे लेख एकमेकींना जोडलेल्या फ्रेमच्या एकाच साखळीत ओतू नका, लेख संपला की नवीन फ्रेम सुरू करा, नाहीतर पहिल्या पानावर एक स्वल्पविराम टाकला की शेवटच्या पानापर्यंत सगळं सरकत बसतं. फोटो फाइलच्या आत जात नाहीत, फक्त लिंक होतात, म्हणून सगळं एका फोल्डरमध्ये ठेवून मग सुरुवात करा. डेस्कटॉपवरून उचललेला फोटो नंतर साफसफाईत उडवला की पानावर मोकळी चौकट उरते.

प्रत्येकाला स्क्रायबस लागतंच असंही नाही. नुसता मजकूर असेल, म्हणजे आजीच्या आठवणींची पुस्तिका, भजनांची वही, सभेचा इतिवृत्तांत, तर लिबरऑफिस रायटर पुरे. मराठी उत्तम दिसतं, स्टाइल नीट लावल्या तर अनुक्रमणिका आपोआप बनते, शिकायलाही सोपं. त्याची एकच गोम, पीडीएफ आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, निघतं. रंगीत ऑफसेटला दिलं आणि प्रेसमध्ये रूपांतर करताना कोणी लक्ष दिलं नाही तर काळं अक्षर चारही रंगांत फुटतं, मग प्लेट केसभर जरी सरकली तरी बारीक अक्षरांना सावली पडते. एकरंगी काम असेल किंवा डिजिटल प्रिंट असेल तर ही भानगड फारशी येत नाही. चित्रं काढायच्या इंकस्केपचंही तसंच, मुखपृष्ठाला आणि एकपानी हँडबिलाला झकास, मराठी अक्षरं नीट जुळतात, पण तेही आरजीबीच, आणि २४ पानी पुस्तिका त्यात लावणं म्हणजे पोळपाटावर भाकरी थापण्यापैकी आहे, होते पण कशाला.

बाकीचं झटपट. इनडिझाईन उत्तमच आहे, वर्ल्ड रेडी कंपोझर निवडला की मराठी सुरेख येतं, पण दर महिन्याचे पैसे आणि नवीन आवृत्तीला कमीत कमी ८ जीबी रॅम, जुन्या पीसीचा विषय तिथेच संपला. कुणीतरी देऊ केलेली फुकटची कॉपी घेऊ नका, व्हायरस फुकटात येतो. कोरलड्रॉ फ्लेक्सवाल्यांचं लाडकं, फ्लेक्स करायचा असेल तर ठीक. पब्लिशर असेल तर आहे त्या कामापुरतं वापरा, मायक्रोसॉफ्ट ते ऑक्टोबर २०२६ मध्ये बंद करतंय, नवीन शिकण्यात वेळ घालवू नका. कॅनव्हा ब्राउझरमध्ये चालतं आणि २ जीबीच्या मशीनवर ब्राउझर स्वतःच रॅम खाऊन बसलेला असतो, शिवाय नेट गेलं की तुम्ही गेलात.

कपाटात जुन्या पेजमेकरच्या किंवा पब्लिशरच्या फाइल्स असतील तर टाकून देऊ नका. लिबरऑफिसमधल्या ड्रॉमध्ये दोन्ही प्रकार उघडतात, लिबरऑफिसच्या ४.० आवृत्तीपासून पब्लिशरच्या आणि ४.४ पासून पेजमेकरच्या. मांडणी थोडी हलते आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट मशीनवर असेल तरच वाचता येतो, पण फोटो कुठे होता, चौकट केवढी होती एवढं समजलं तरी गेल्या वर्षीचा सांगाडा हाती लागतो.

फॉन्टसाठी पैसे मोजायची गरज नाही. बॉडी टेक्स्टला मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी घ्या, दोन्ही मोफत. तिरो मराठीत आपल्या वळणाचे 'ल' आणि 'श' थेट येतात, इतर काही फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे दिसतात आणि मग मंडळातले एखादे निवृत्त मास्तर पहिलं पान उघडताच बोट ठेवतात. टेक्स्टची भाषा मराठी निवडली तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ही वळणं आपोआप बदलतात. दोन कॉलम अरुंद असतील तर दोन्ही बाजू जुळवायचा हट्ट सोडा, मराठी शब्द लांब असल्यामुळे मधे पांढऱ्या जागेच्या नद्या वाहायला लागतात, डावीकडून लावलेलं बरं दिसतं.

आणि हे सगळं करायच्या आधी, हो आधी, प्रेसमध्ये जाऊन या. फोनवर विचारू नका, पुण्यात फोनवर "आणा हो, बघू" एवढंच उत्तर मिळतं, आणि एक ते चारच्या मधे तर जाऊच नका. विचारायचं ते असं: तयार साइज काय ठेवू, पीडीएफ चालेल का, ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी कडेला ठेवायचा जास्तीचा भाग, किती, एकरंगी असेल तर बटर पेपरवर प्रिंट आणू का तुम्ही सीटीपी, म्हणजे कम्प्युटरवरून थेट प्लेट, करता. ब्लीड सहसा ३ मिलिमीटर सांगतात. सेंटर पिन मारायची असेल तर पानांची संख्या ४ च्या पटीत हवी, २२ पानं झाली तर दोन जाहिराती शोधा नाहीतर दोन पानं कापा. पानं सुटी, एकापाठोपाठ एक द्यायची, छपाईसाठी जुळवणी ते करतात, तुम्ही घरी करून नेलीत तर त्यांना ती आधी सोडवावी लागते. पीडीएफ करताना फॉन्ट एम्बेड करा, म्हणजे फाइलच्या आतच घाला, आणि मग पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी उघडून प्रत्येकापुढे तसं लिहिलंय का बघा.

ती 'दुसऱ्या दिवशी'ची ओळ आणि एक फोटो असं एकच पान करून तेही बरोबर न्या आणि त्यांच्या मशीनवर उघडायला लावा. तिथे भुवई जागेवर दिसली की घरी येऊन अध्यक्षांना मनोगत मागायला लागा, कारण सॉफ्टवेअर एका दिवसात बसतं पण मनोगत यायला पंधरा दिवस लागतात.