वादळात बाग आडवी झाल्यावर तिसऱ्या दिवशी पालला कसं जायचं (म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन)

आधीच सांगतो, पाल म्हणजे आमच्या जवळचं सातपुड्यातलं जंगलातलं ठिकाण, पण ही ट्रीपची माहिती नाहीये. आपल्या जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनला जे वादळ येतं ना, अर्ध्या तासात वर्षभराची केळी झोपवून जातं, त्याच्यानंतर घरात जे सुतक बसतं त्यातून एक दिवस बाहेर कसं पडायचं ते सांगतोय. आमच्याकडे दोन वर्षांआधी झालं, जूनचा पहिला आठवडा, सहा हजार झाडातली निम्म्याहून जास्त कमरेतून मोडलेली, आणि आबा बांधावर जाऊन बसलेले ते उठायलाच तयार नाहीत.

पहिल्या दिवशी जायचं नाही. कोणी कितीही म्हटलं तरी नाही. त्या दिवशी कामं असतात. तार तुटून शेतात पडली असेल तर तिकडे कोणी फिरकू नका, ढोरं पण सोडू नका, वीज कंपनीच्या 1912 नंबरला फोन करा, विहिरीवरच्या मोटरच्या पेटीला ओल्या हाताने हात लावायचा नाही. मग फोटो काढा. साधे नाही, जीपीएस मॅप कॅमेरावाले, ज्याच्यात तारीख वेळ लोकेशन येतं, चारी कोपऱ्यातून आणि मधे जाऊन पण. फळपीक विमा काढलेला असेल तर 72 तासाच्या आत कळवा आणि जो नंबर मिळेल तो वहीत लिहून ठेवा, मोबाईलमधे नको, मोबाईल त्या दिवशी बंद पडणारच. आणि जे घड तयार झालेले आहेत ते कापून व्यापाऱ्याला द्या, भाव पाडूनच मागेल, पण पडलेलं घड उन्हात दोन दिवस राहिलं की तेवढे पण मिळत नाहीत.

दुसरा दिवस पंचनाम्याचा. तलाठी, कृषी सहायक येतात, कधी येतात कधी दुसऱ्या दिवशीचं तिसऱ्यावर जातं, पण तोपर्यंत खोडं हलवायची नाहीत. 33 टक्क्याच्या वर नुकसान असलं तरच सरकारी मदतीत बसतं, म्हणून आडवी झाडं आडवीच दिसली पाहिजेत. दोन-चार मजूर लावून साफ करून टाकलं आणि नंतर बोंबलत बसले असे लोक आहेत आमच्या गावात.

आता बघा, पंचनामा झाला, मजूर परवा येणार, लाईट नाही म्हणून ठिबक बंद, मग मधल्या दिवशी तुम्ही करणार काय? काहीच नाही. नुसतं बघत बसणार. आणि हा जो दिवस आहे ना तोच खरा घातक, माणूस बांधावर बसून हिशोब करतो, रोपं इतक्याची, खत इतक्याचं, सोसायटीचं कर्ज इतकं. म्हणून तिसरा दिवस. कामाचा दिवस वाया जात नाही, हे घरातल्यांना सांगता येतं, आणि आपल्याकडे हे सांगता येणं फार गरजेचं आहे कारण बाग पडलेली असताना फिरायला गेला म्हटल्यावर अख्खं गाव नाव ठेवतं. गावाला सांगायचं, रोपं बघायला चाललो.

जागा कोणती ते तुमचं तुम्ही ठरवा, यावलवाल्यांना मनुदेवी आहे, चोपड्याकडे उनपदेव, चाळीसगावकडे पाटणादेवी. आमचं पाल. लहानपणापासून पालच. सातपुड्यात, सुकी नदीच्या काठाला, गारबर्डीचं धरण जवळ. रावेरहून साधारण तासाभरात पोचतो. यावल अभयारण्य तिकडेच आहे, 1969 पासूनचं. नवीन ठिकाण शोधत बसू नका, अशा वेळी नवीन काही बघायची ताकदच नसते, जिथला दगड न दगड ओळखीचा आहे तिथेच जा.

आता अवघड काम, म्हाताऱ्या माणसाला उठवायचं कसं. आबांना म्हटलं चला पालला, तर म्हणे, "मला नही यायचं, तठी काय ठेवलंय." समजावू नका. समजावलं की ते तुम्हालाच समजावतात. मी मायला पुढे केलं, माय म्हणाली मला जायचंय, माझ्यासोबत कोण येणार? झालं. बसले गाडीत, तोंड वाकडं करून, पण बसले.

माझा प्लॅन होता की पहाटे अंधारात निघायचं म्हणजे रस्त्यातल्या पडलेल्या बागा दिसणारच नाहीत. हा मूर्खपणा होता, तुम्ही करू नका. वादळानंतर अंधारात रस्त्यावर आडवं झालेलं झाड, लोंबकळणारी तार, काही दिसत नाही. उजाडल्यावर निघा. आणि बागा दिसू द्या. मला वाटलं आबा अजून खचतील, तर उलटंच, गाडीच्या काचेतून मोजायलाच लागले, हा तर पूर्ण गेला, ह्याची कांदेबाग (म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी) वाचली रे, ह्याने बांधावर शेवरी लावलेली म्हणून कडेच्या ओळी उभ्या आहेत बघ. तीन दिवसात पहिल्यांदा इतकं बोलले.

खायला घरचंच न्या. दशम्या, कळण्याची भाकर, ठेचा, कांदा, शेंगदाण्याची चटणी. वरण-बट्टीचा घाट घालू नका, जंगलात चूल पेटवायची नसते आणि त्या दिवशी कोणाच्या अंगात तेवढा उत्साह पण नसतो. केळी नेऊ नका. हसू नका, शेजारच्यांनी प्रेमाने डझनभर पिशवीत टाकली होती, मी गुपचूप ओट्यावर ठेवून आलो. (माकडं पण पिशवी सोडत नाहीत ते वेगळंच.)

पोचल्यावर जंगलाचं पण वादळ झालेलं असतं हे लक्षात ठेवा. सागाच्या फांद्या तुटून वरच अडकलेल्या असतात, वारा आला की सुटतात, म्हणून सतरंजी टाकायच्या आधी वर बघा. वनखात्याच्या नाक्यावर विचारा कोणता रस्ता मोकळा आहे, ते सांगतील तिकडेच जा. नदीचं तर नीट ऐका: आपल्या डोक्यावर कडक ऊन असतं आणि वर डोंगरात पाऊस झालेला असतो, पाणी एकदम येतं. पाणी गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा वाहायला लागला की चप्पल शोधत बसू नका, वर निघा. धरणात पोहायचं नाही, हे पोरांना गाडीतच सांगून ठेवा. दामिनी ॲप टाकून घ्या, वीज जवळपास पडत असली की सांगतं, पण रेंजचा भरोसा नाही म्हणून जुनी पद्धत, वीज दिसली की आकडे मोजायचे, तीसच्या आत गडगडलं तर गाडीत जाऊन काचा लावून बसा, झाडाखाली नाही.

बाकी तिथे करायचं काय? काही नाही. खरंच. जूनमधे सागाला नवी पानं आलेली असतात, पावश्या ओरडत असतो, जांभळं पडलेली असतात. नशीब असेल तर वनपिंगळा दिसतो, छोटंसं घुबड, दिवसाउजेडी बसतं, शंभरावर वर्षं कोणाला दिसलंच नव्हतं म्हणून नामशेष समजलेलं आणि 1997 ला आपल्या शहाद्याजवळ सापडलं. आम्हाला नाही दिसलं. आबा जेवले आणि एका अंजनाच्या झाडाखाली झोपले, दोन तास, घोरत. घरी तीन रात्री झोपले नव्हते. उठवू नका अशा वेळी. मी वर बघून घेतलं होतं, तुटकी फांदी नव्हती.

फक्त एक, तीनच्या आत परतीला लागा. हे अवकाळी-मान्सूनपूर्वचं वादळ दुपारनंतरच तयार होतं आणि घाटात सापडायचं नाही. मजुरांना निघायच्या आधीच सांगून ठेवा की उद्या सकाळी या, खोडं कापायचीत, चांगले पील (बुंध्याशी फुटलेले कोंब) राखायचेत, नाहीतर संध्याकाळी घरी आल्यावर परत तीच धावपळ. आणि गावात लाईट नसेल तर येताना गाडीतच सगळ्यांचे मोबाईल चार्ज करून घ्या. आबांचा चालू केला तर अकरा मिसकॉल, सगळे पाहुण्यांचे, सगळ्यांचा प्रश्न एकच, किती गेली? आबांनी एकालाच उलट फोन लावला आणि म्हणाले, पालला आलोय रे भो, उद्या मोजून सांगतो.