अर्ज नंतर, आधी संदर्भसूची

फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने केअरची, म्हणजे मान्य संशोधनपत्रिकांची, यादी बंद केल्याचं जाहीर केलं, आणि मराठी, इतिहास, संस्कृत या विषयांच्या छोट्या संशोधनपत्रिका चालवणाऱ्यांच्या तोंडी स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सायटेशन इंडेक्सची (कोणत्या लेखात कुणाचा दाखला आला, याच्या सूचींची) नावं येऊ लागली. नाशिकच्या महाविद्यालयांतही आता हीच चर्चा आहे. त्यांच्याकडे अर्ज जरूर करा. पण ऑनलाइन फॉर्म उघडण्याआधी गेल्या दोन वर्षांचे सगळे अंक टेबलावर काढा आणि प्रत्येक लेखाची फक्त संदर्भसूची वाचा. सायटेशन इंडेक्स उभा राहतो तो तिच्यावरच.

यूजीन गारफिल्ड यांच्या संस्थेने विज्ञानाचा सायटेशन इंडेक्स 1964 मध्ये काढला, कला आणि मानव्यशास्त्रांचा मात्र 1978 साली. आपल्या विषयांत जुने ग्रंथ, हस्तलिखितं, चित्रं, शिलालेख यांचे दाखले फार. तळटीप नसताना नुसत्या चर्चेत आलेली कलाकृतीही त्या इंडेक्सचे लोक संदर्भ म्हणून नोंदवत. तुमच्या पत्रिकेसाठी एवढी मेहनत दुसरं कुणी घेईल या भरवशावर राहू नका.

पांडवलेण्यांवरचा कुठलाही लेख पाहा. लेणे क्रमांक 3 मधला सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख सगळेच वापरतात. पण कुणी 'नाशिक शिलालेख' एवढंच लिहितं, कुणी नुसतं 'सेनार', कुणी 'ए. इं. 8'. यंत्राच्या लेखी हे तीन वेगळे ग्रंथ. एमिल सेनार यांनी केलेलं त्या शिलालेखाचं वाचन 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात (1905-06) आहे; लेखक, शीर्षक, खंड, पृष्ठं अशी पूर्ण नोंद एकदा ठरवा आणि सगळ्या अंकांत तीच चालवा. गॅझेटिअरचंही तसंच. 1883 चा, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला 16 वा खंड वेगळा, स्वातंत्र्यानंतरची सुधारित आवृत्ती वेगळी. 'नाशिक गॅझेटिअर' एवढ्याने दोन्हींचा गोंधळ होतो. आणि लेखकाने मूळ खंड हाताळलाच नसेल, दुसऱ्याच्या पुस्तकातून दाखला उचलला असेल, तर तसं लिहायला लावा. याचा राग येणारे लेखक भेटतील, येऊ दे.

मग लिपी. स्कोपसला लेखाचं शीर्षक आणि सारांश इंग्रजीत लागतो, संदर्भ रोमन लिपीत. लेख मराठीत असायला हरकत नाही, हे संपादक मंडळातल्या घाबरलेल्यांना आधीच सांगा. देवनागरी सूची काढून टाकू नका, तिच्याखाली रोमन सूची जोडा. लिप्यंतराची एकच पद्धत पाळा. आयएसओ 15919 हे भारतीय लिप्यांच्या रोमन लिप्यंतराचं मानक चालेल. जुन्या ग्रंथाच्या नावात नाशिकचं स्पेलिंग जसं छापलंय तसंच ठेवा, सुधारू नका. लेखकाचं नाव एका अंकात आद्याक्षरांनी, दुसऱ्यात वडिलांच्या नावासकट, असं नको. प्रत्येकाला ऑर्किड (ORCID), म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढायला सांगा, तो फुकट मिळतो.

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक, छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचा वेगवेगळा असतो. दोन्ही दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्रातून घेतलेत ना, आणि संकेतस्थळावरचं पत्रिकेचं नाव नोंदणीशी जुळतं ना, एवढं बघा.

वेळापत्रकावर मात्र गाडी अडते. जानेवारीचा अंक ऑगस्टमध्ये, मग जोडअंक, मग चर्चासत्रातले सगळे निबंध एका विशेषांकात कोंबलेले: इंडेक्सच्या परीक्षकाला हे पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. वर्षाला चार अंक झेपत नसतील तर अर्ज करण्याआधीच सहामाही व्हा. त्यात कमीपणा नाही.

संपादक मंडळात एकाच संस्थेची माणसं आणि लेखकही तीच, असं असेल तर आधी ते निस्तरा. डीओएजे या मुक्त नियतकालिकांच्या सूचीचा नियम स्पष्ट आहे: शेवटच्या दोन अंकांपैकी एकाही अंकात संपादक, मंडळातले सदस्य किंवा लेख तपासणारे समीक्षक यांचा सहभाग असलेले लेख 25 टक्क्यांवर जाता कामा नयेत. मानाचं पान म्हणून घातलेल्या, पत्रिका कधी न उघडणाऱ्या नावांना नम्रपणे निरोप द्या. लेखांचं समीक्षण कसं होतं, तेही संकेतस्थळावर खरं तेच लिहा.

पैसे कुणालाही देऊ नका. वेब ऑफ सायन्स, स्कोपस, डीओएजे यांपैकी कुणीच मूल्यमापनाची फी घेत नाही. 'इम्पॅक्ट फॅक्टर'ची (पत्रिकेला किती दाखले मिळतात त्या आकड्याची) सर्टिफिकेटं विकणारे ईमेल थेट कचऱ्यात.

पत्रिका सर्वांना मोफत वाचता येत असेल तर सुरुवात डीओएजेपासून करा. वेब ऑफ सायन्सचे निकष एकूण 28. त्यातले गुणवत्तेचे 24 पूर्ण झाले की त्यांच्या इमर्जिंग सोर्सेस या पहिल्या पायरीच्या यादीत जागा मिळते, उरलेले चार प्रभावाचे, ते जमले तर कला-मानव्यशास्त्राचा मुख्य इंडेक्स. गुणवत्तेच्या टप्प्यावर नापास झालात तर पुन्हा अर्ज करायला किमान दोन वर्षं थांबावं लागतं, म्हणून घाई नको. आणि अर्जात संपर्काचा ईमेल पत्रिकेचाच द्या. सर निवृत्त झाल्यावर त्यांचा जीमेल कोण बघणार?