पीसी चालू होऊन नाही राहिला? लिनक्स पुन्हा टाकाच्या आधी हे पाहा

मागच्या मे महिन्यात आमच्या दारव्ह्याकडच्या एका भावानं सीपीयू मोटरसायकलवर बांधून यवतमाळले नेला, तिथं दुकानात प्लग लावला अन पहिल्याच बटणात मशीन सुरू, घरी आणला की पुन्हा बंद. दुसऱ्यांदा नेला तं दुकानदारानं लिनक्स (विंडोजसारखी पीसी चालवणारी सिस्टीम) खराब झालं असंन म्हणून सगळं पुसून नवीन टाकून दिलं. पोरीचे फोटो गेले, स्कॅन करून ठेवलेले शेताचे कागद गेले, अन दोष निघाला घरच्या व्होल्टेजचा. तेव्हापासून मनात होतं की हे एकदा नीट लिहून काढाव.

पयलं काम म्हणजे मशीन नेमकं कुठं अडकून राहिलं ते पाहाचं. बटण दाबल्यावर पंखाच नाही फिरत, का पंखा फिरते पण स्क्रीन काळी, का ग्रबचा (कोणती सिस्टीम सुरू कराची ते निवडाचा) मेनू येते अन त्याच्या पुढं थांबते, का डेस्कटॉप येऊन मंग बंद पडते, हे चार वेगवेगळे रोग आहेत. स्क्रीनवर जे अक्षर येईन त्याचा मोबाईलनं फोटो काढा. अन एका पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) कायम तयार ठेवा. त्याच्यावरून मशीन नीट चाललं तं बिघाड बहुतेक तुमच्या इन्स्टॉलमध्ये नाहीतर डिस्कमध्ये, अन तिथंही तोच त्रास झाला तं हार्डवेअर. त्याच पेन ड्राइव्हवरून बूट करून आपल्या फाईली दुसरीकडे कॉपीही करता येतात, म्हणून कोणी "फॉरमॅट मारतो" म्हटलं तं आधी हे करा.

आता लाइटचं. रब्बीत हरभऱ्याले पाणी सुरू असलं अन सगळ्यांच्या मोटरी एकदम चालल्या की गावात व्होल्टेज किती पडते हे आपल्याले माहीत आहे, बल्ब पिवळा होते अन टीव्ही तरी चालते म्हणून आपण पीसीवर संशय घेतो. एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधला मशीनले करंट देणारा डबा) स्टिकरवर इनपुट किती लिहिलं ते वाचा अन मल्टिमीटर लावून बोर्डात किती येऊन राहिलं ते पाहा, २३० च्या आसपास पाहिजे. लय कमी असंन तं स्टॅबिलायझर लावा, मशीन उघडू नका. यूपीएस असूनही लाइट गेल्याबरोबर पीसी बंद पडत असंन तं यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी गेली, ती दोनतीन वर्षांत उतरतेच. कॅबिनेटले हात लावल्यावर झिणझिण्या येत असतीन तं अर्थिंग नाही किंवा अर्थिंगच्या खड्ड्यातली माती उन्हाळ्यात वाळली, वायरमनले बोलवा, हे टाळू नका. एसएमपीएस स्वतः कधी खोलू नका, प्लग काढल्यावरही त्यात करंट साठून राहते.

पंखा फिरते पण डिस्प्ले नाही, बीप वाजते, तं दहातले लय केस रॅमचे (मदरबोर्डवरची मेमरीची पट्टी). प्लग काढा, बटण दहा सेकंद दाबून धरा, रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं हलक्या घासा, ब्रशनं स्लॉट साफ करा (तोंडानं फुंकू नका, थुंकीचा ओलावा जाते) अन कट्ट आवाज येईपर्यंत बसवा. दोन रॅम असतीन तं एकेक लावून पाहा.

चालता चालता दुपारीच बंद पडते? आमच्याकडे घरात कापूस साठवतात, त्याची तंतू अन धूळ प्रोसेसरच्या पंख्याखाली फेल्टसारखी जमते, वरून बाहेर ४५ डिग्री. टर्मिनलमध्ये (कमांड टाईप कराची खिडकी) सेन्सर्स ही कमांड द्या (कमांडा मी आपल्या लिपीत लिहून राहिलो, टाईप इंग्रजीतच कराच्या), ९० डिग्रीच्या वर आकडा दिसला तं साफसफाई करा अन थर्मल पेस्ट नवीन लावा.

हे लोकांच्या ध्यानातच येत नाही: तारीख. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, मेला की लाइट गेल्यावर घड्याळ जुन्या वर्षावर जाते, मंग ब्राउझर प्रत्येक साइटले धोका म्हणते अन अपडेट करताना फाईल "अजून वैध नाही" असा एरर येते. लोक नेटवाल्याले फोन करतात. सेल बदला, काम झालं. अन विंडोजबरोबर लिनक्स असंन अन घड्याळ बरोबर साडेपाच तासानं चुकत असंन तं सेलचा संबंध नाही, विंडोज मशीनच्या घड्याळात आपली वेळ ठेवते अन लिनक्स जागतिक वेळ. टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ दिलं की भांडण मिटते.

लाइट अचानक गेल्यावर काळ्या स्क्रीनवर इनिटरॅमएफएस लिहून थांबलं तं घाबरू नका, फाईल सिस्टीम अर्धवट राहिली आहे. वरच्या ओळीत पार्टिशनचं (डिस्कच्या भागाचं) नाव येते, समजा एसडीए२. मंग एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२ द्या, संपलं की रीबूट. पण हे महिन्यातून दोनदा व्हायला लागलं तं डिस्क्स ॲपमध्ये स्मार्ट डेटा (डिस्कच्या तब्येतीचे आकडे) उघडा, ५ अन १९७ नंबरच्या ओळीत शून्याऐवजी वाढता आकडा दिसला की हार्ड डिस्क चालली, त्याच दिवशी फोटो अन कागद काढून घ्या.

इन्स्टॉलनंतर ग्राफिक कार्डामुळे काळी स्क्रीन आली तं ग्रबमध्ये ई दाबा, लिनक्सनं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा, एफ१० दाबा, आत गेल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाका.

वायफाय डोंगल (यूएसबीत लावाचं छोटं वायफाय) दिसत नसंन तं खोक्यावरचं नाव सोडा, एलएसयूएसबी देऊन आतली चिप पाहा. ०बीडीए:१ए२बी दिसलं तं डोंगल स्वतःले सीडी समजून बसलं आहे, फाईल मॅनेजरमधून ती सीडी इजेक्ट करा, बहुतेक वेळा लगेच वायफाय होते. रियलटेक कंपनीच्या काही यूएसबी चिपचे ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२ पासूनच आत आले, म्हणून जुन्या मिंटवर नाही चाललं तं नवा कर्नल टाका. तोपर्यंत मोबाईल केबलनं जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, त्याले ड्रायव्हर लागत नाही.