बटणाच्या फोनवर मेसेज कसा टाईप करायचा

कपाटात जुना नोकिया 1100 पडलाय ना, 2003 मध्ये आलेला तो टॉर्चवाला, तो काढा आणि चार्जिंगला लावा. सिम 2जी (जुनं मोबाईल नेटवर्क) चालणारं हवं, जिओकडे 2जी नाही म्हणून त्याचं टाकून उपयोग नाही, आणि नॅनो सिम असेल तर अडॅप्टर लागेल.

आधी डिक्शनरी (बटणं दाबली की शब्द आपोआप ओळखणारी सोय) बंद करा, कारण आपण मराठी लिहिणार इंग्रजी अक्षरांत आणि तिला 'कुठे' माहितीच नाही, भलतंच काहीतरी बनवते. आता 'कुठे' लिहा. 'के'साठी 5 दोनदा, 'यू'साठी 8 दोनदा, आणि इथे जरा थांबायचं बरं का, कारण 'टी' पण 8 वरच आहे, कर्सर परत लुकलुकला की मगच 8 एकदा दाबायचं, घाई केली तर 'व्ही' उमटतो. मग 'एच'ला 4 दोनदा, 'ई'ला 3 दोनदा. स्पेस 0 वर.

एका मेसेजात 160 अक्षरं बसतात (देवनागरीत 70च), म्हणून स्वर गाळायची सवय लावा, पैसे वाचायचे हो!

हात बसला की न बघता जमतं. बऱ्याच फोनच्या 5 वर छोटा उंचवटा असतो, अंगठा तिथे ठेवायचा आणि तिथून बाकीची बटणं शोधायची, मी गोधडीत असंच रात्र रात्र टाईप केलंय.

पाकिटाचं चिन्ह लुकलुकायला लागलं की इनबॉक्स फुल, जुने मेसेज उडवा. जे उडवायला जीव व्हायचा नाही ते मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायचे, तारखेसकट.